भीमपूरच्या वाटेवर ब्रेकला वारा

नागपूर सोडताना बायकोला सांगितलं, गाडीचे ब्रेक तपासायला चाललोय. ती म्हणाली, "त्यासाठी आदिलाबादच कशाला?" मी म्हणालो, रस्ता मोकळा आहे. मोकळे रस्ते नागपूरच्या चारी बाजूंना आहेत हे तिलाही ठाऊक होतं. तिने लाडवांचा मोठा डबा मागच्या सीटवर ठेवला.

माझी गाडी साधी आहे, रोज दुकानाला नेतो तीच. जुन्या सुट्या भागांच्या धंद्यावर मी उभा राहिलो, आणि त्या धंद्याने मला एकच शौक दिला. वर्षातून दोनदा ही गाडी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर नेतो. तिथे शर्यत नसते. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपली गाडी मनसोक्त पळवायची. मागच्या खेपेला थोड्याच फेऱ्यांत ब्रेकचं पेडल मऊ पडलं. चाकामागची लोखंडी तबकडी (डिस्क) इतकी तापली की ब्रेकचं तेल उकळलं, आणि झेंडेवाल्याने मला सगळ्यांदेखत बाहेर काढलं.

म्हणून यंदा पुढचे धुक्याचे दिवे काढून त्या भोकांमागे दोन लवचीक नळ्या बसवल्या. समोरचा वारा त्यांतून तबकडीच्या मध्याशी जातो. मध्याशीच जायला हवा. तबकडी आतून पंख्यासारखी पोकळ असते. मध्याशी आलेला वारा ती स्वतः ओढते आणि कडेने फेकते. नुसता एका अंगावर सोडला, तर दुसरं अंग तापलेलंच राहतं.

पांढरकवड्याला चहा घेतला. पैनगंगेचा पूल ओलांडला की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात, पण दोन्ही बाजूंना तीच काळी जमीन आणि तोच पांढरा कापूस. मी खिडकी खाली केली. पाच वर्षांत या पुलावर आलो नव्हतो.

कारण सांगून टाकतो. भीमपूरला माझी धाकटी बहीण सिंधू दिली आहे. तिच्या मुलीच्या साक्षगंधाला (साखरपुड्याला) भर पंगतीत सिंधूचा नवरा, म्हणजे आमचे जावई गणपतराव म्हणाले, "आमचे साळे म्हंजे भंगारवाले, नवरदेवाच्या गाडीचंही वजन करतीन." पंगत हसली. मी ताटावरून उठलो. सिंधू वाढत होती. हातातलं भांडं घेऊन तशीच उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. जावयाचं मी एक वेळ सोडलं असतं. तिचं गप्प राहणं मला गिळता आलं नाही.

याच सिंधूला मी जुन्या जीपवर गाडी शिकवली होती. पेडलपर्यंत पाय पुरत नव्हते तर पाठीमागे उशी घेऊन बसायची. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा सफाईने वळण घ्यायला लागली. तेव्हा तिला म्हणालो होतो, एक दिवस तुला खऱ्या ट्रॅकवर नेईन. आमच्या शहरात तेव्हा ट्रॅक हा शब्दसुद्धा कोणी ऐकला नव्हता.

आदिलाबादला बाजाराजवळ गाडी पूर्ण वळवली आणि डाव्या चाकाने नळी घासून फाडली. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून पाहायचं मी विसरलो होतो. हार्डवेअरच्या दुकानात तशी नळी मिळाली. दुकानदार गिऱ्हाईकाशी तेलुगूत, नोकराशी उर्दूत आणि माझ्याशी हिंदीत बोलत होता.

"अन्ना, ये गरमी सहेगा," तो म्हणाला.

"किती गरमी?" मी मुद्दाम मराठीत विचारलं.

तोही मराठीत आला. "तुमच्या डोक्यापेक्षा जास्त, शेठ. अर्ध्या तासापासून भाव करून राह्यले तुमी."

आसपासचे हसले. मी आणखी थोडा भाव पाडून नळी घेतली, ती आवळायची पट्टी फुकट, आणि तिथेच बसवली.

भीमपूरचा रस्ता दुपारी रिकामा होता. जोरात जायचं, जोरात ब्रेक दाबायचा, पुन्हा जोरात, असं मी बराच वेळ केलं. पुढे कापसाचा एक पिकअप होता. त्यातून पुंजके उडत होते, रस्त्याच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. मला ते छान वाटलं. मग जळक्या कापडाचा वास आला. आसपास वस्ती होती, वाटलं कोणी चिंध्या जाळत असेल.

सिंधूच्या अंगणात गाडी लावली तेव्हा डाव्या चाकातून बारीक धूर निघत होता. मी कोणाला हाक न मारता आधी तापमान मोजायची बंदूक काढली आणि चाकावर धरली. डावी तबकडी उजवीपेक्षा कितीतरी जास्त तापलेली.

ओट्यावरून गणपतराव म्हणाले, "भाऊ, गाडीले ताप आला का?"

मी बंदूक पुन्हा डाव्या चाकावर धरली. तेवढ्यात सिंधू आली. केस पिकले होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ गाडीपुढे वाकली, डाव्या भोकात हात घातला आणि मूठभर कापूस ओढून काढला. मागून अजून आला, करपलेला.

"दादा, गाडीनं वेचणी केली का रे रस्त्यानं?"

मी हसलो. हसायचं ठरवलं नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची (ओल्या दाण्यांची) भाजी होती. गणपतरावांनी ट्रॅकची चौकशी केली. "एवढं करून नंबर कितवा येते?"

"नंबर नसतो. आपलीच वेळ आपण मोजायची."

"म्हंजे कोनीच हरत नाही? मंग काऊन जाता?"

मला राग आला, पण सिंधू ताटात भाकर टाकत होती, म्हणून जेवत राहिलो.

जेवणानंतर किल्ली तिच्या हातात दिली. पैनगंगेकडचा रस्ता तिने पकडला. आता कापसाचा पिकअप तीच बाजारात नेते, हे मला त्या दिवशी कळलं. वळणाआधी एकदाच ठाम ब्रेक दाबून ती पाय उचलायची. पेडल कडक होतं. नदी दिसली तिथे ती थांबली.

मी विचारलं, "त्या दिवशी गप्प का राहिलीस?"

"तू उठला तवा वरन माया हातात होतं," ती म्हणाली. "पोरीचे सासरचे समोर बसून होते. तोंड उघडलं असतं तर सोयरीकच मोडली असती. वाटलं, रात्री तुयाशी बोलीन. तू रात्रीलोक थांबलाच नाही."

"फोन होता."

"तुयाही होता, दादा."

पलीकडे महाराष्ट्र दिसत होता. जवळ, आणि आवाज न पोचण्याइतका लांब.

"पुढच्या महिन्यात ट्रॅकवर चल," मी म्हणालो. "शेजारच्या सीटवर बसू देतात. मी विचारलंय."

तिने स्टिअरिंगवरून हात फिरवला. "पराटी (कपाशीचं झाड) फुटून राह्यली. बाया आता भेटतात, मंग भेटत नाही. वेचणी सोडून कशी येऊ?" मग गिअर टाकत म्हणाली, "यायचं तर हाय मले."

तिने गाडी वळवली. मी ब्रेकबद्दल बोलत राहिलो: रस्त्यावर नळ्यांना झाकण लावायचं, ट्रॅकवर काढायचं. जाळी लावली तर ती कापसानेच भरेल. ती प्रत्येक वाक्याला हं म्हणत होती.

निघताना गणपतरावांनी मागच्या सीटवर, लाडवांच्या डब्याच्या जागी, हरभऱ्याची जुडी ठेवली. माफी नाही, काही नाही. मीही मागितली नाही. त्यांचं ते वाक्य अजून माझ्या घशात आहे, तिथेच राहील.

परतताना मोठ्या रस्त्यावर पुन्हा जोरात ब्रेक मारून पाहिले. दोन्ही तबकड्या सारख्याच निवल्या. गाडी ट्रॅकसाठी तयार होती. पांढरकवड्याला थांबून ट्रॅकवाल्यांना फोन केला आणि पुढच्या महिन्यातून माझं नाव काढायला सांगितलं. पैसे परत मिळत नाहीत म्हणाले. त्यावरून कडाक्याचं भांडण झालं. शेवटी उन्हाळ्याआधीच्या शेवटच्या तारखेला दोन नावं लिहून घ्यायला ते तयार झाले. दुसरं नाव मी दोनदा सांगितलं, नीट लिहावं म्हणून.

आता रोज दुकानात जाताना शेजारच्या सीटवर काही ठेवत नाही. जुने भाग, बिलं, डबा, सगळं मागे. रविवारी भीमपूरला फोन करतो आणि वेचणी कुठवर आली विचारतो. ती म्हणते, झाडावर अजून बोंडं आहेत. मी म्हणतो, होऊ दे सावकाश, आणि खोटं बोलतो.