पाक गुरूंच्या मॉरिसची उजवी काच

आमच्या सालातिगा गावात जुन्या मोटारींचे पत्रे मी ठोकतो आणि काचा यू कास बसवते. दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. मी दार लावून घेऊन काम करतो, कारण आमच्या धंद्याची रीतच तशी. चेपलेला पत्रा माझ्याकडचं भूत सरळ करतं असा लोकांचा समज आहे, आणि तो मोडून काढण्याइतका मी खुळा नाही. यू कास मात्र भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत काम करते. तिचं नाव कास्मिना. थोरल्या बहिणीला आम्ही 'यू' म्हणतो, आणि ती माझी कुणी नसली तरी गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी मला शिव्या देते, म्हणजे बहीणच झाली.

तिच्या हाताचं काम एकदा बघावं. काचेची कड ती बोटाने चाचपते, हातमोजे घालत नाही, आणि मोजपट्टी लावण्याआधीच सांगते की केसभर कमी आहे. रबर मऊ पडावं म्हणून दुसरे लोक साबण लावतात. ही रिठा लावते. तिची आई बाटिकची कापडं रिठ्याच्या पाण्यात धुवायची, रंग उतरू नये म्हणून. तोच फेस ही काचेच्या रबराला चोळते आणि म्हणते, "साबणानं रबर तडकतं. रिठ्यानं सत्तर वर्षांचं रबरसुद्धा ऐकतं."

पण बोलायचं काम तिचं नव्हतं. ते तिच्या नवऱ्याचं, सुराजीचं. गिऱ्हाईक काहीतरी अचाट सांगायचं, सुराजी मान लववून 'हो जी, हो जी' करायचा, आणि गिऱ्हाईकाची पाठ वळली की बायकोला म्हणायचा, "त्यानं सांगितलंय ते विसर. तुला दिसतंय तसं कर." ती करायची. गिऱ्हाईक स्वतःच्या अकलेवर खूश होऊन घरी जायचं. पाटीवर नाव सुराजीचं, कौतुकही सुराजीचं. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं, आणि मी ते कधी बोललो नाही.

सुराजी गेला आणि दुकानाची जीभच गेली. बायपासला एक नवं दुकान निघालं, थंडगार, एकसारखे शर्ट घातलेली पोरं. लोक तिकडे वळले. बकासीला राहणारी मुलगी एन्दांग दर रविवारी फोन करायची, "आई, बंद कर आता ते. इकडं ये, नातवंडं तरी बघशील." शेवटी यू कासने मला सांगितलं, "यान, जुन्या गाड्यांवाले आहेत तोवर मी आहे. तेही गेले की कुलूप लावीन आणि जाईन." जुन्या गाड्यांवाले म्हणजे गावातल्या एकतीस गाड्यांचं मंडळ. त्यांच्या काचा बायपासच्या पोरांना जमत नसत. तेवढंच काम उरलं होतं तिच्याकडे.

आणि त्या मंडळाचं दैवत म्हणजे पाक गुरू. मोठ्या पुरुषाला आम्ही मानाने 'पाक' म्हणतो, बाईला 'बू'. नाव प्रावोतो, पण हायस्कुलात चौतीस वर्षं भूमिती शिकवली म्हणून अख्खं गाव त्यांना पाक गुरूच म्हणतं. मला त्यांनी शिकवलं. यू कासलाही शिकवलं, आणि नापासही केलं. त्यांची चोपन्न सालची मॉरिस मायनर, पुढची काच दोन तुकड्यांची, मधे उभी पट्टी. सतरा ऑगस्टला, आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, सगळ्या गाड्यांच्या पुढे तीच असते.

मिरवणुकीला आठ दिवस असताना कोपेंगच्या चढावर एका ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि मॉरिसची उजवी काच फुटली. दुसऱ्या दिवशी पाक गुरू एक पुठ्ठा घेऊन यू कासच्या दुकानात आले. मी तिथेच होतो, गरम मेंदोआन भजी खात. सोमवार असल्यामुळे यू कासचा उपास होता आणि मी मुद्दाम तिच्या नाकासमोर खात होतो.

"कास, हे माप," पाक गुरू म्हणाले. "मी स्वतः काढलंय. अर्ध्या मिलिमीटरचा फरक नाही."

यू कासने पुठ्ठा हातात घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. माझंही तोंड थांबलं, कारण मलासुद्धा कळलं. पाक गुरूंनी डोळ्यांना दिसणाऱ्या काचेचं माप काढलं होतं. रबराच्या खाचेत जी बोटभर काच चारी बाजूंनी दडलेली असते, ती त्यांनी धरलीच नव्हती.

"जुने तुकडे आहेत का, पाक गुरू?" तिने विचारलं.

"टाकून दिले. कागदात गुंडाळून, वर 'आत काच आहे' असं लिहून. कचरेवाल्याला लागायला नको."

"मग आता हा पुठ्ठाच..."

"हा पुठ्ठाच. याबरहुकूम काप."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मेंदोआनकडे पाहिलं.

"हो जी, पाक गुरू," ती म्हणाली.

"हो जी," मीही म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं तरी.

आमची ही खोडच आहे. मोठ्या माणसाला 'चुकलं' म्हणायला आमची जीभ उचलत नाही. 'हो जी' म्हणजे 'ऐकलं', एवढाच त्याचा अर्थ. पुढचं ज्याने त्याने समजून घ्यायचं. सुराजी असता तर हो जी म्हणून गुपचूप बरोबर कापून मोकळा झाला असता. पण यू कासला ते जमेना. गुरूंनी बरहुकूम म्हटलंय, तर बरहुकूम. तिने पुठ्ठ्याप्रमाणे काच कापली, आणि ती रबरात राहावी म्हणून खाचेत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबल्या. असलं काम तिने जन्मात केलं नव्हतं. पट्ट्या कोंबताना ती स्वतःवरच चिडून माझ्यावर खेकसत होती.

गुरुवारी दुपारी मंडळाचे पाच-सहा जण दुकानापाशी काच बघायला आले. काच बसलेली दिसत होती. पाक गुरू मान हलवत होते. मंडळाचे अध्यक्ष पाक हेंद्रो कौतुकाने गाडीत बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. धाडकन आवाज झाला, ट्यूबच्या पट्ट्या सटकल्या आणि काच घसरून स्टिअरिंगवर आदळली. मधोमध तडा.

कुणीही ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पाक हेंद्रो खाली उतरले, शर्ट झटकला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "असू दे, बू. वय होतंच माणसाचं. तुम्ही जरा विश्रांती घ्या. आम्ही उद्या शहरात, सेमारांगला, माणूस पाठवतो. पुढचंही तिकडंच बघू."

बाकीचेही गोड हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते मॉरिस घेऊन गेल्यावर मी यू कासला म्हणालो, "का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललास?"

ती खुर्चीवर बसली आणि कपाटावर ठेवलेल्या दुकानाच्या कुलपाकडे बघत राहिली. एन्दांगचा फोन वाजला, तो तिने उचलला नाही.

शुक्रवारी सकाळी सातलाच तिने माझ्या दारावर थापा मारल्या. अंगावर चांगला कबाया, डोक्याला रुमाल, हातात रिठ्याची बरणी. "चल."

"कुठं?"

"पाक गुरूंकडं. मला एकटीला धीर होत नाही."

पाक गुरू व्हरांड्यात चहा घेत होते. आम्ही पायऱ्यांशी उभे राहिलो. त्यांनी बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"पाक गुरू, तुमचं माप चुकलं होतं. मला सोमवारीच कळलं होतं. मी बोलले नाही, हा माझा गुन्हा. काच रबरात जाते तेवढी तुम्ही धरली नाही."

"भूमिती चुकली म्हणतेस?"

"भूमिती नाही चुकली. काच चुकली."

पाक गुरूंनी कप खाली ठेवला. चेहरा लाल झाला. ते उठले, अंगणातल्या मॉरिसपाशी गेले, चांगल्या राहिलेल्या डाव्या काचेच्या रबराखाली अंगठ्याचं नख घातलं आणि वाकून पाहत राहिले. खिशातून पट्टी काढली. पुन्हा पाहिलं. मी मनातल्या मनात पळायची वाट शोधत होतो.

"चौतीस वर्षं," ते आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले. "चौतीस वर्षं मी फळ्यापाशी उभा राहून विचारलं, समजलं का? आणि सगळा वर्ग म्हणायचा, हो जी." मग वळून त्यांनी विचारलं, "कास, किती जणांना समजलं असेल गं?"

यू कास काय बोलणार? पण ती बोलली. "मला नव्हतं समजलं, पाक गुरू."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्यांना खोकला आला, पाणी आणावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "आता सांग, काय करायचं?"

"डावी काच काढू द्या. दोन्ही काचा सारख्याच आहेत, फक्त उलट्या. ती पालथी ठेवून तिच्यावरूनच माप घेते."

"सत्तर वर्षांची काच आहे ती. निघताना तडकली तर?"

"तर परवा तुमची गाडी घरीच राहील. आणि मी बकासीला जाईन."

पाक गुरूंनी क्षणभर गाडीकडे पाहिलं. "काढ," ते म्हणाले.

तिने रिठ्याचा फेस रबरावर ओतला आणि अर्धा तास नुसती बोटं फिरवत राहिली. घाई नाही, जोर नाही. मला तेवढ्यात तीनदा घाम फुटला. मग लाकडाच्या पातीने एका कोपऱ्यातून रबराची कड उलटवत नेली, आतून तळव्याने हलकेच दाबलं, आणि सत्तर वर्षांची काच माझ्या हातात अलगद आली. अखंड. मी ती धरून पुतळ्यासारखा उभा. ती म्हणाली, "यान, श्वास घे, नाहीतर पडशील."

मग मॉरिस दुकानासमोर आणली. दुकानात सुराजीने जपून ठेवलेली काचेची एकच लांब पट्टी उरली होती. एकावर एक चिकटवलेल्या दोन काचा, मधे पातळ पापुद्रा. दुसरा प्रयत्न नव्हता. यू कासने माप घेतलं, दोन्ही बाजूंनी काच कापायची हिरकणी ओढली, खालून टकटक ठोकलं. काच तुटली, पण मधला पापुद्रा तसाच. त्या रेषेवर तिने स्पिरिट ओतून काडी लावली. निळी ज्योत रेषेभर धावली, पापुद्रा ढिला पडला, आणि तिने पातळ पातं घालून तो सर्रकन कापला. फुटपाथवर जमलेल्यांत मंडळाचे दोघेजण होते, सेमारांगला फोन लावायला निघालेले. त्यांनी फोन खिशात ठेवले.

मग बसवणं. रबर काचेवर चढवलं, रबराच्या खाचेत फेसात भिजवलेली सुती दोरी गुंडाळली, दोरीची टोकं गाडीच्या आत. बाहेरून काच ती दाबणार, आतून दोरी कुणीतरी ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते. मी पुढे झालो, तर पाक गुरू आधीच गाडीत शिरले होते.

"पाक गुरू, सावकाश. माझ्या हाताच्या मागं मागं."

"हो जी," ते म्हणाले.

"आता थांबा. फार ओढलंत. मागं घ्या."

"हो जी."

"हो जी नको. समजलं का ते सांगा!"

"नाही समजलं! पुन्हा सांग!"

फुटपाथवरचे लोक पोट धरून हसायला लागले. मी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण हसू मलाही आवरेना. यू कासने पुन्हा सांगितलं. दोरी इंच इंच बाहेर आली, तिचा तळवा तिच्यासोबत सरकत राहिला, आणि शेवटच्या कोपऱ्यात 'टप्' असा बारीक आवाज झाला. तो आवाज ऐकायला मी तिच्या शेजारी सव्वीस वर्षं काढली आहेत. पाठोपाठ डावी काचही बसवली. मग मी बादल्यावर बादल्या पाणी मारलं आणि पाक गुरूंनी आतून कोरडा हात दाखवला. यू कासने पुढे होऊन स्वतः दार आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इतक्या जोरात की माझ्या भुतानेही कान झाकले असते. काच ढिम्म.

सतराला सकाळी मॉरिस पुढे, मागे तीस गाड्या, मैदानाला फेरी. नंतर पाक हेंद्रोंनी माईक घेतला. त्यांची गोडी काही जात नाही. म्हणाले, "आपल्या पाक गुरूंनी स्वतः काढलेल्या मापाची काच आज..."

पाक गुरूंनी माईक काढून घेतला. "नाही," ते म्हणाले. मैदानभर तो शब्द घुमला. इतक्या लोकांसमोर एवढ्या मोठ्याने 'नाही' म्हटलेलं मी आमच्या गावात कधी ऐकलं नव्हतं. "माझं माप चुकलं होतं. ते मला बू कास्मिनानं माझ्या दारात येऊन सांगितलं. काच तिनं मापली, तिनं कापली, तिनं बसवली. मी फक्त दोरी ओढली, आणि तीही दोनदा चुकीची."

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात मी सगळ्यांत जास्त ओरडलो, आणि रडलोही. लाज कशाची? यू कास गर्दीत मान खाली घालून उभी होती, रुमालाचं टोक दातांत. पाक हेंद्रो तिच्यापाशी आले आणि आपल्या जुन्या फियाटच्या मागच्या काचेबद्दल हळूच विचारू लागले. तिने मान वर केली. "बघायला हवी. आणि माप मी काढीन. तुम्ही नाही."

सोमवारी तिच्या दुकानासमोर चार गाड्या होत्या, पाचवी माझ्या दारात आडवी लावलेली, त्यामुळे मला आत जाता येईना आणि मी बोंब मारत होतो. पाटीवर सुराजीच्या नावाखाली 'कास्मिना' असं रंगवायला माणूस शिडीवर चढला होता. फोन वाजला. एन्दांगचा. हात फेसाने भरलेले म्हणून यू कासने मला फोन धरायला लावला. मुलगी पलीकडून विचारत होती, "आई, मग कधी येतेस? खोली तयार करून ठेवलीय."

यू कासने माझ्याकडे पाहिलं, मग गाड्यांकडे.

"नाही येत गं," ती म्हणाली. "ईदला येईन, चार दिवस. आता ठेव, गिऱ्हाईक उभं आहे."