बाबांची झडप

"झडपलंच हाय त्याले. पोरगी सोताच म्हने ना, झडप हाय म्हनून!"

वॉर्डच्या दाराबाहेर आत्या फोनवर कुणाला तरी सांगत होती. औषधांची पिशवी घेऊन मी भिंतीआड थांबले. पोरगी म्हणजे मीच.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला इंग्रजीत सगळं समजावलं होतं. शाळेत हृदयाची आकृती निळ्या आणि लाल पेन्सिलीने काढलेली, त्यामुळे ते कळलंही. अंगातून आलेलं रक्त उजव्या बाजूने फुप्फुसांत जातं, ताजं होऊन डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्या कप्प्यात उतरतं, आणि तो आवळला की अंगभर पोचतं. या दोन कप्प्यांमधला बाबांचा व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता. दर ठोक्याला थोडं रक्त मागे परतत होतं आणि जास्तीच्या कामाने हृदय फुगत चाललं होतं. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले. हे बाबांना सांगायचं कसं? घरात मी कमी बोलते. माझी मराठी पुस्तकी, वऱ्हाडी बोलायला लाज वाटते. मोबाईलवर शब्द शोधून मी म्हणाले, "बाबा, हृदयात झडप असते. तुमची बिघडली आहे." त्यांचा चेहरा एकदम उतरला. आमच्या मोर्शीकडे माणसाला भूत झडपतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या सकाळी मी आत गेले तर बाबा बूट घालून पलंगावर बसले होते. "चाल बेटा, घरी. बाहेरच्या बाधेले डॉक्टर काय करन?" एवढं बोलतानाही त्यांना धाप लागली. आत्याने मला अंबादेवीचं कुंकू आणायला पिटाळलं. "कुंकू लावू, मंग निघू." नाही म्हणायचं सोडून मी चप्पल घातली.

देवळाच्या रांगेत माझंच काळीज इतकं धडधडत होतं की प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आत्ता बाबांचं रक्त मागे परतलं. आत्ता पुन्हा. मी परत जाईपर्यंत ते निघून गेले असतील तर? वाटेत काही झालं तर? मला धड एक आरती येत नाही. आधी मागितलं, हा आजार खोटा ठरू दे. मग मागितलं, निदान आत्याचं मन बदल. शेवटी मागण्यासारखंही काही उरलं नाही. मनात एवढंच आलं, मला सुचत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात माझ्या मागची बाई फोनवर नवऱ्याला ओरडली, "अवो, मोटर कायले बदलता? मोटर चांगली हाय! फुटबॉल गेला तिचा. पानी वर चढते अन् परत विहिरीत उतरते, मंग ते बिचारी धापा टाकन नाही तं काय!"

मी वळून पाहतच राहिले. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी जो फूट-व्हॉल्व्ह असतो, पाणी मागे जाऊ न देणारा, त्याला आमच्या संत्र्याच्या बागेतही सगळे फुटबॉलच म्हणतात. लहानपणी त्या शब्दाला मी हसायचे.

"काय झालं वं माय? रडून काहून राहिली?" बाईंनी फोन खाली घेत विचारलं. त्यांनी आपल्या परडीतली शेवंतीची फुलं माझ्या ओंजळीत टाकली आणि रांग पुढे सरकली. नंतर त्या दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या याचा विचार मी करत नाही. मी देवीकडे काय काय मागत होते, आणि मागणं संपल्यावर तिने माझ्या पदरात एक शब्द टाकला, तोही माझ्याच घरातला. तिचे उपकार मी कसे फेडू?

परत आले तेव्हा बाबांच्या मांडीवर पिशवी होती. आत्याने कुंकवासाठी हात पुढे केला. मला बाबांच्या छातीची भीती वाटत होती आणि माझ्या आवाजाचीही. आधी मी बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं.

"बाबा, फुटबॉल गेला."

"आपल्या विहिरीचा?" ते दचकले.

"नाही, तुमचा. छातीतला. रक्त समोर जाते अन् मागं परतते, म्हनून धाप लागते. तुमाले कोनं झडपलं नाही, बाबा. मोटर चांगली हाय. तेवढा फुटबॉल नीट करून घेऊ. बूट काढा. मी इथंच आहो."