शुक्रवारच्या शर्टांचा अध्यक्ष

रिफायनरीच्या आत मोबाइल नेता येत नाही. तो सकाळी गेटवर जमा करायचा आणि सुटल्यावर परत घ्यायचा. त्या मंगळवारी साडेतीनला फोन हातात आला, तेव्हा त्यावर बालाजीचे अकरा मिस्ड कॉल होते. बालाजी मूळचा लातूरकडचा, कुवेतच्या सुलैबिया भागातल्या एका एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, आणि उगाच फोन करणाऱ्यांतला मुळीच नाही. मी गाडीत बसूनच त्याला लावला. "साहेब, कासमभाई गेले," तो म्हणाला, "सकाळी डबा खाता खाता... दवाखान्यात नेईपर्यंत बी राहिले नाहीत." अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो. मी विचारलं, "इस्त्री बंद आहे ना रे?" कासमभाईंची इस्त्री फक्त शुक्रवारी लागायची, हे मलाही ठाऊक होतं. पण बालाजीला माझं म्हणणं बरोबर कळलं आणि तो फोनवरच रडायला लागला.

कासमभाई बाणकोटच्या खाडीकाठचे. उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये गेली, त्यातली बहुतेक त्या वर्कशॉपमध्ये. आधी मेकॅनिक, मग फोरमन. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि मंडळाच्या इतिहासात गळ्यात टाय न बांधता अध्यक्ष झालेला तो पहिला माणूस. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. रडून झालंय. आज मला त्यांच्या विजयाबद्दल लिहायचंय, आणि त्याआधी मी कसा सपशेल आपटलो तेही सांगायला हवं, कारण एक सांगितल्याशिवाय दुसरं कळायचं नाही.

आमच्या मंडळात दोन गट आहेत. आमच्या गटाची पद्धत अशी की मुख्य निवडणुकीआधी गटातल्या गटात मतदान घेऊन अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा. एका वर्षी मी उभा राहिलो. समोर जोगळेकरकाका, गटातले सर्वांत जुने इंजिनिअर, बोलायला लागले की समोरच्याला जांभई यावी असे. मी पेटलो होतो. "हे मंडळ फ्लॅटवाल्यांनी बळकावलंय, ते मी कामगार कॅम्पवाल्यांच्या हातात देणार," असं मी जिथे तिथे सांगत सुटलो. गणपतीच्या कार्यक्रमात पहिल्या तीन रांगा कामगारांच्या, इंजिनिअर मागे, अशी घोषणाच केली. त्यावरही समाधान होईना, म्हणून एका शुक्रवारी खैरानला समुद्रकाठी शाले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घेतलं, सुलैबियाहून दोन बसेस भरून माणसं नेली, मटण घातलं आणि पाऊण तास भाषण ठोकलं. टाळ्या तर अशा पडल्या की परतताना मी मनातल्या मनात कार्यकारिणीसुद्धा ठरवून टाकली.

मतदानाच्या दोन पेट्या होत्या, एक आमच्या फिंतासला आणि एक सुलैबियात. फिंतासची पेटी मी घसघशीत जिंकलो. माझी भाषणं ऐकून ज्यांचे डोळे पाणावले होते, ते सगळे समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटमध्ये राहणारे होते! सुलैबियाच्या पेटीतून माझ्या नावाच्या चार चिठ्ठ्या निघाल्या. बाकी सगळं गठ्ठ्याने जोगळेकरकाकांना. ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला त्यांनीच मला घरी बसवलं. मी चिडलो. कृतघ्न लोक, यांना स्वतःचं भलं कळत नाही, असं बायकोपाशी आठवडाभर बडबडत होतो. शेवटी मेधाच म्हणाली, "माझ्यापुढे कशाला? जा ना, त्यांनाच विचार."

म्हणून पुढच्या शुक्रवारी सकाळी मी तणतणत सुलैबियाला गेलो. वर्कशॉपच्या मागे कामगारांच्या खोल्या, आणि मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन पिंपांवर फळी टाकून, वर घोंगडी अंथरून कासमभाई इस्त्री करत होते. पाच-सहा जण बनियनवर रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात एकच शर्ट. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. शुक्रवार हा त्यांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. त्या दिवशी कपडे धुवायचे, केस कापायचे, आठवड्याचा मसाला वाटून ठेवायचा, कासमभाईंसारख्यांनी जुम्म्याच्या नमाजला जायचं, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून गावी व्हिडिओ कॉल लावायचा. घरच्यांना माणूस चुरगळलेला दिसता कामा नये, हा कासमभाईंचा कायदा. त्यासाठी ते नमाजच्या आधी आणि नंतर, सगळ्यांचे शर्ट स्वतः करत. दुसऱ्याच्या हातात इस्त्री देत नसत. कॉलरला सुरकुती राहिली तर स्वतःवरच खेकसत.

मी सरळ विचारलं, "कासमभाई, तुम्ही तरी मला मत दिलंत का?"

"नाय दिला," ते म्हणाले. मान वर न करता. "शर्ट काढा. मागून पार वाट लागलीय त्याची."

मी मुकाट्याने शर्ट काढून दिला. बनियनवर उभ्या माणसाला भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"काय वो साहेब," इस्त्री फिरवता फिरवता ते बोलू लागले, "तुमी आमाला पयल्या रांगेत बसवनार. पन कार्यक्रम ठेवता गुरुवारी संध्याकाळी. तेव्हा आमी कामावर. त्या रांगेत बसनार कोन? आनि ता खैरान... सकाळी सहाला बस, आमी परत आलो रातच्या, इशाच्या नमाजच्या टायमाला. आमचा शुक्रवार एकच हाय, तो तुमी खाल्लात. ह्या बालाजीच्या पोरीचा वाढदिवस होता. त्याने बसमधना फोन लावला, मळक्या शर्टात. पोरगी ईचारते, पप्पा, तुमी आजारी हाव काय?"

बालाजी रांगेतच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही आमच्यासाठी बोलायलाव, ते समदं खरंय. टाळ्या बी मनापासून वाजवल्या. पण तुमचं भांडण जोगळेकरसाहेबांशी. आमचं त्यांच्याशी काय भांडण? माझा इकामा अडकला तवा ते चार चकरा मारले माझ्यासंगं. एक शब्द बोलले नाहीत, नुसत्या चकरा मारले." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो अडकला की माणूस अधांतरी लटकतो. मी आजवर कुणाच्या इकाम्यासाठी एक चक्कर मारली नव्हती.

माझा शर्ट माझ्या हातात देत कासमभाई म्हणाले, "राग आमच्याकडे मायंदाळ हाय, तुमच्याकडना उसना नको. उद्या मोठ्यांदा बोलून तुमची नोकरी जानार नाय. आमची जाते." मग एकदम हसले. "ईस्त्री बरी जमलीय ना?"

मी त्या दिवशी घरी आलो तो निम्मा ओशाळलेला आणि निम्मा सुटल्यासारखा. पुढच्या शुक्रवारी परत गेलो, मग जातच राहिलो. दोन वर्षांनी जोगळेकरकाका कायमचे पुण्याला परतले आणि गटात पुन्हा उमेदवार निवडायची वेळ आली. मी कासमभाईंचं नाव सुचवलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. महिनाभर मागे लागलो तेव्हा एका अटीवर तयार झाले. मतदान शुक्रवारी, जुम्म्यानंतर, सुलैबियाच्या शेडमध्ये, आणि शेवटच्या माणसाचा शर्ट वाळेपर्यंत पेटी उघडी. "फिंतासवाल्यांकडे गाड्या हायत, ते येतील," म्हणाले. फिंतासवाले कुरकुरले, पण आले. कित्येकांनी सुलैबिया आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. समोर उभा राहिलेला तरुण इंजिनिअर दोन वर्षांपूर्वीच्या माझ्यासारखाच बोलायचा, आणि त्याचं भाषण खरोखर चांगलं झालं. कासमभाईंनी भाषणच केलं नाही. ते दुपारभर इस्त्री करत होते.

निकाल लागला तेव्हा मोजणाऱ्याला दुसऱ्यांदा मोजायचीही गरज वाटली नाही. आणि मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही... आमचे लोक ओरडले, पण त्याहून जास्त ओरडले त्यांचे फोन! कॉलची वेळच होती ती. चाळीसेक हातांत चाळीसेक फोन, प्रत्येकाने तो कासमभाईंकडे वळवलेला, आणि त्या एवढ्याशा पडद्यांतून लातूरपासून बाणकोटपर्यंतच्या बायका, पोरं, म्हाताऱ्या आया त्यांना बघून टाळ्या पिटत होत्या. ज्यांच्यासाठी त्यांनी इतकी वर्षं कॉलरी सरळ केल्या, त्यांनी कासमभाईंना पहिल्यांदाच पाहिलं. कासमभाई गांगरून दोन्ही हात जोडून उभे. घाईत त्यांचा स्वतःचा शर्ट तेवढा इस्त्री करायचा राहून गेला होता. मी इतका नाचलो की दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मुख्य निवडणूकही त्यांनी हसत हसत जिंकली, आणि त्या वर्षीपासून मंडळाचा गणपती शुक्रवारी संध्याकाळी असतो. पहिल्या रांगेत कोण बसतं, याकडे आता कुणाचं लक्षही नसतं.

त्यांना इथेच मातीआड केलं. बुधवारी दुपारी, असरच्या नमाजनंतर. फोरमनसाठी वर्कशॉप अर्धा दिवस बंद राहिलं. कबरस्तानात फिंतास आणि सुलैबिया एकाच रांगेत उभे होते. माझी मुलगी इथेच वाढली, मराठीत विचारलं तरी इंग्रजीतच उत्तर देते. ती हळूच म्हणाली, "बाबा, एव्हरीवन्स शर्ट इज क्रीज्ड." खरंच. सुलैबियाच्या एकाही शर्टाला इस्त्री नव्हती. ती फक्त एका माणसाला येत होती.

त्या शुक्रवारी मी सकाळी सुलैबियाला गेलो. फळीवर इस्त्री होती, वायर त्यांनी गुंडाळली होती तशीच. रांग नव्हती. माणसं खोल्यांच्या दारांत हातात शर्ट घेऊन नुसती उभी होती. मी वायर सोडली, बटण दाबलं आणि म्हणालो, "बालाजी, आण." मला इस्त्री येत नाही. एक बाही दोनदा मोडली, कॉलरची एक बाजू वर राहिली, तरी त्याने तो शर्ट घातला. नंतर तो शेडबाहेर फोन लावून उभा होता, आणि त्याच्या पोरीचा आवाज आतपर्यंत आला, "पप्पा, आज शर्ट कुणी केला?"

बालाजीने माझ्याकडे वळून पाहिलं. "नवा माणूस हाय," तो तिला म्हणाला. "शिकायलाय."