महिलांमधून एक प्रश्न

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि हौस म्हणून प्रकट मुलाखती घेतो. कल्याण-ठाण्याकडे कुठे काही असलं की संयोजकांचा फोन येतो. शिकवण्याबद्दल मला आजवर कुणी शाल दिली नाही. मुलाखतींबद्दल मिळालेल्या शालींनी कपाटातला एक कप्पा भरला आहे. बायको म्हणते, "पुढच्या वेळी शालीऐवजी तूरडाळ द्या म्हणावं."

मागच्या हिवाळ्यात ठाण्यातल्या एका चित्रपट महोत्सवात मी दोघांशी गप्पा मारल्या. एक होते ज्येष्ठ नट, दुसरी एक तरुण दिग्दर्शिका. त्या संध्याकाळी मी जे केलं ते चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मुलाखतीच्या आधी पाहुण्यांच्या घरी जाऊन बसायची आमच्याकडे पद्धत आहे. चहा होतो, कुठले किस्से काढायचे ते ठरतं, कुठले काढायचे नाहीत तेही ठरतं. प्रेक्षकांना वाटतं सगळं आयत्या वेळचं आहे, आणि त्यांना तसं वाटावं हेच तर आमचं काम. त्याप्रमाणे मी ठाण्यात बाळकुमला दादांच्या घरी गेलो. दादा म्हणजे ते नट. या क्षेत्रात सगळेच त्यांना दादा म्हणतात. सिनेमात त्यांनी आयुष्यभर मुलीचा बाप, हवालदार आणि हेडमास्तर केले. चेहरा सगळ्यांना माहीत, नाव आठवायला मात्र लोकांना जरा वेळ लागतो.

किस्से ठरले. मग दादा म्हणाले, "मास्तर, एक सांगतो. नव्या सिनेमाचं विचारू नका."

"पण शेवटी 'आगामी काय' विचारायचा रिवाज आहे, दादा."

"रिवाज मोडा. हिच्यापुढे तो विषय नको."

ही म्हणजे वहिनी. त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या, आणि दार ओढून घेतल्यावर त्यांनी दुसरी बाजू सांगितली. त्या मुलीने, म्हणजे दिग्दर्शिकेने, दादांना तिच्या सिनेमात मुख्य भूमिका देऊ केली होती. आयुष्यातली पहिली. शूटिंग मात्र लडाखला. दादांच्या हृदयात स्टेंट घातलेला, आणि डॉक्टरांनी उंचावर जायला साफ मनाई केलेली.

"हो म्हणालेत का नाही, तेच कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "विचारलं की म्हणतात, बघू. जेवताना बघू, झोपताना बघू. तुम्ही स्टेजवर विचारा ना. लोकांपुढे ते खोटं बोलत नाहीत."

मी म्हणालो, "विचारतो, वहिनी."

लिफ्ट आली म्हणून म्हणालो, की त्यांचा चेहरा पाहून म्हणालो, की मला कुणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून? वर दादांना मान डोलावून आलो होतो, खाली येताना वहिनींना शब्द दिला. कापूरबावडीला येईपर्यंत रिक्षात मी दोन्ही शब्द एकदम कसे पाळता येतील याचा विचार करत होतो. प्रयोगशाळेत मुलं अशी दोन रसायनं एकत्र करायला गेली तर मी ओरडतो.

कार्यक्रमाला सभागृह चांगलं भरलं होतं. वहिनी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मोरपंखी साडी, मांडीवर पर्स. दादा रंगात आले. हवालदाराच्या वेषात ते चहा प्यायला टपरीवर गेले आणि टपरीवाल्याने घाबरून दुकानच बंद केलं, हा किस्सा मी आधी तीनदा ऐकला होता, तरी हसलो. दिग्दर्शिका कल्याणची. शांत मुलगी, मोजकं बोलणारी. मी तिला विचारलं, "नट निवडताना तुम्ही काय बघता?" ती म्हणाली, "तो गप्प असताना काय करतो, ते." दादांनी तिच्याकडे पाहिलं आणि खरोखरच गप्प झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवट आला. 'आगामी काय' हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. तो मी गिळला. दुसऱ्या रांगेकडे बघायचं टाळलं आणि म्हणालो, "आता प्रेक्षकांचे प्रश्न घेऊ."

दोन पुरुषांनी विचारलं. त्यातल्या एकाने प्रश्न न विचारता भाषणच केलं, ते नेहमीचंच. घड्याळ पाहून मी म्हणालो, "शेवटचा प्रश्न. महिलांमधून एक येऊ द्या."

हे वाक्य मी प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. बायका हात वर करायला संकोचतात, म्हणून. त्या दिवशी ते सवयीने तोंडातून गेलं, असं मी स्वतःला सांगतो. पण बोलताना मी दुसऱ्या रांगेकडे पाहत होतो का? बहुतेक पाहत होतो. निदान हात एकच वर आला होता हे मला दिसलं, आणि तो कुणाचा हेही. अजूनही "वेळ संपली" म्हणता आलं असतं. मी खाली उतरलो आणि माईक स्वतः नेऊन दिला.

वहिनी उभ्या राहिल्या. "सर," त्या म्हणाल्या. घरी त्या त्यांना 'अहो' म्हणतात. "सर, तुम्ही पुढचा सिनेमा करताय का?"

कुणीतरी कुजबुजलं, "अगं, बायको आहे त्यांची!" आणि हशा पिकला. मागून आवाज आला, "दादा, आता सांगावंच लागेल!"

दादाही हसले. उठून उभे राहिले, ते कशाला हे मला कळलं नाही. मग म्हणाले, "बाई, आयुष्यभर मी मुलीचं लग्न लावून दिलं आणि फोटोत कडेला उभा राहिलो. आता मधे उभं राहायचं म्हणतोय. करतोय. नक्की करतोय."

सभागृह उभं राहिलं. दिग्दर्शिकेने डोळे पुसले. वहिनी टाळ्या वाजवत होत्या. पर्स काखेत धरून, दोन्ही हातांनी, सगळ्यांसारख्या.

नंतर आतल्या खोलीत बटाटेवडे आणि चहा आला. वहिनी बाहेर कुणाशी बोलत होत्या. बेसिनपाशी दादा हात धूत होते. आरशात बघूनच म्हणाले, "मी नाही म्हणणार होतो, मास्तर. सकाळीच ठरवलेलं. रात्री घरी हिला सांगणार होतो."

मी म्हणालो, "मग तसंच सांगायचं होतं ना."

"तेवढ्या लोकांपुढे?" ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. मी त्यांना पडद्यावर पन्नास प्रकारे हसताना पाहिलंय. हे त्यातलं कुठलं होतं, मला कळलं नाही. सकाळी खरंच ठरवलं होतं, की तिथे बेसिनपाशी सुचलं? मला दोष देत होते, की माझी फिरकी घेत होते? वडा हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी, न राहवून, मी दिग्दर्शिकेला फोन केला. डॉक्टरांचं सांगितलं. म्हणालो, त्यांना मोकळं करता येईल का?

ती म्हणाली, "सर, मला डॉक्टरांचं माहीत आहे. मी त्यांना लडाखऐवजी इथे भोरजवळ शूट करू म्हणालेले. तेच नको म्हणाले. म्हणाले, तडजोड करू नकोस. आणि काल तर ते तुमच्याच स्टेजवर हो म्हणाले ना?"

म्हणजे नाही म्हणायचं सकाळी ठरलं होतं, आणि त्याआधी लडाखच हवं म्हणून भोरला नको म्हटलेलं. दोन्ही एकाच माणसाचं कसं असेल? असेलही. मीही एकाच दुपारी दोघांना दोन शब्द दिले होते.

मग मी वहिनींना फोन लावला. माफी मागायची म्हणून. म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं. मी माईक द्यायला नको होता."

"का? मी हात वर केला, तुम्ही दिलात. उत्तर मिळालं. मी काल लोकरीचे मोजेसुद्धा काढून ठेवले."

"पण त्यांनी नाही म्हणावं अशी तुमची इच्छा होती ना?"

"असं मी कधी म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. लिफ्टपाशी त्या तसं खरंच म्हणाल्या नव्हत्या. "मग हो म्हणावं अशी?"

पलीकडे भांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. "तुम्ही एवढ्या लोकांना प्रश्न विचारता," त्या म्हणाल्या, "मला हा त्या दिवशीच विचारला असता तर मी काहीतरी सांगितलं असतं. आता ते हो म्हणालेत. आता मला काय हवं होतं ते माझं मलाही नीट आठवत नाही बघा."

आणि मग, "बर्फात घालायचे बूट ठाण्यात कुठे मिळतात हो? तुम्हाला माहितीये?"

मी म्हणालो, बघून सांगतो.