धुक्याने जीव घ्यायचा नव्हता

लेखक या जमातीचा भाऊंना मनापासून तिटकारा होता. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेची नोकरी करून ते निवृत्तीनंतर वलवणला राहायला आले. टीव्हीवर सिनेमा बघता बघता मध्येच उठून जायचे. विचारलं तर म्हणायचे, "लिवनाऱ्यालाच झोप आलीया, मंग मी कशाला जागू?"

भाऊंनी स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही. पण रेल्वे क्वार्टर्समधल्या आम्हा पोरांसाठी त्यांनी एक सुपरहिरो रचला होता, धुक्या. धुक्या कोसळती दरड पेलायचा, पण जीव कुणाचाच घ्यायचा नाही. त्याचा वैरी करकच्या, त्याचासुद्धा नाही. "भाऊ, मारा ना त्याला एकदाचा!" असं आम्ही ओरडायचो. "मारनं गाढवालाबी जमतंय," भाऊ म्हणायचे. "त्याला धुक्या कशाला पायजे?"

हा हट्ट त्यांच्या कामातला होता. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक गेले तर ती चढावर जाऊन थांबावी, म्हणून तिथे बाजूला वेगळा रूळ असतो आणि गाडीचा रूळ बदलणारे काटे कायम त्याच बाजूला लावलेले असतात. गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला पुढचा रस्ता मिळतो. ते काटे भाऊंच्या हातात होते. गाडीला उशीर होवो, नाहीतर आत मोठा साहेब बसलेला असो, न थांबता त्यांनी कुणालाही सोडलं नाही. "लय गाड्या धड आल्या म्हनून एक दिस काटा उलटा ठिवू का?"

पुढे मी पुण्यात कॉमिक्स लिहायला लागले. भाऊंना विचारून धुक्याची मालिका सुरू केली. पहिल्या पानावर 'मूळ कल्पना' म्हणून त्यांचं नाव टाकलं. आठव्या अंकात घोडं अडलं. धुक्या दोन्ही हातांनी तडकलेलं धरण धरून उभा, करकच्या बॉम्ब घेऊन गावाकडे पळतोय, आणि मला काही सुचेना. आमच्या हपिसातली मंडळी फार थोर. "हिरोला डार्क कर," म्हणाली. ज्यांना पुढचं पान सुचत नाही त्यांना जग भारी डार्क दिसतं. मीही त्यांच्यातलीच. धुक्याने पायाने दरड लोटून करकच्याला चिरडलं. अंक गाजला.

तो मिरवत मी वलवणला गेले. भाऊंनी चष्मा लावून सगळा वाचला.

"ह्यो कोन?"

"धुक्या, भाऊ."

"न्हाई. धुक्याला सुचलं आसतं. तुला सुचलं न्हाई, आन् खून त्याच्या माथी मारलास व्हय गं?"

"नियम कधीतरी मोडावाच लागतो, भाऊ."

"मोडू दे की. त्याचं काळीज फाटून मोडू दे. तुजा अंक उद्या छापायचाय म्हनून नगं. माजं नाव काड त्याच्यावरनं."

त्यांनी चहाही विचारला नाही. मी फणकाऱ्याने निघाले, पुढच्या अंकापासून त्यांचं नाव काढलं आणि वर्षभर तिकडे फिरकले नाही. मग ते गेल्याचा फोन आला.

दहाव्याला जाऊन आले आणि तोच प्रसंग पुन्हा लिहायला बसले, कुणालाही मारायचं नाही असं ठरवून. धुक्याचे हात अडकले होते, तोंड मोकळं होतं. त्याने हाक मारली, गाव धावून आलं, करकच्याला धरलं. एवढंच होतं. मला अर्धा तास लागला. भाऊ जिवंत असताना तेवढासुद्धा मी दिला नव्हता.