तीन डावे, एक उजवा

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपणहून येतात, माझ्या उजव्या हाताला बसतात, बेल्ट लावतात आणि विचारतात, "सर, क्लच कोणता?" वर्ध्यात मी सतरा वर्षं हेच करतोय. मित्र जमले की म्हणतात, "सांग ना बे एखादा!" मी सांगतो, ते हसतात. यंदाचे किस्से सांगताना मात्र माझंच हसू मधेच अडकतं. तरी सांगतो.

आधी एक समजून घ्या. आमचे निम्मे किस्से एकाच जागी घडतात. सिग्नलवर, उजवीकडे वळताना! आमच्या चौकात उजवीकडे वळायला वेगळा बाण नाही. आपल्याला हिरवा पडतो तेव्हा समोरच्यालाही हिरवाच. मग चौकाच्या मध्यापर्यंत जायचं, थांबायचं, समोरची गर्दी सरळ निघू द्यायची आणि फट दिसली की वळायचं. सांगायला एक मिनिट लागतं. शिकायला काहींना तीन महिने पुरत नाहीत.

*

रोहण्याचे एक काका होते. सारं आयुष्य ट्रॅक्टर चालवलेला माणूस, लेकीनं हट्ट केला म्हणून कार शिकायला आला. चौकाच्या मधोमध गाडी छान आणली, वळायला सुरुवात केली आणि एकदम दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून जोडले! गाडी निघाली सरळ ऑटोच्या अंगावर. आमच्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक असतो, म्हणून मी आज हे सांगायला शिल्लक आहे.

"काका, हात काऊन सोडले?"

"समोरच्या फटफटीवर माहे मामसासरे होते जी. त्याईले का एका हातानं नमस्कार करू?"

*

एक कॉलेजची मुलगी होती. इतकी गुणी की काय सांगू! चौकात थांबली. समोरून एक म्हातारे गृहस्थ स्कूटर घेऊन आले, त्यांना हिची दया आली, त्यांनी हातानं खूण केली, जा बेटा. हिनं हातानं खूण केली, तुम्ही जा आजोबा. त्यांनी परत खूण केली. हिनं परत खूण केली. तेवढ्यात सिग्नल लाल पडला आणि मागच्या सगळ्यांनी मिळून आमचा उद्धार केला!

"सर, मोठ्या माणसाच्या आधी कसं जाऊ?" म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

*

आता पुष्पाताई.

पुष्पाताई मेश्राम देवळीच्या. वय बावन्न. मालक जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, गणिताचे गुरुजी. रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतली, दोन वर्षं चालवली आणि मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. देवळीहून वर्ध्याला एसटीनं यायचं, चार तास मशीनवर राहायचं आणि परत एसटीनं जायचं. जाताना गुरुजींना उभं राहवत नसे. एकदा बसमध्येच चक्कर येऊन पडले. दुसऱ्याच दिवशी ताई आमच्या ऑफिसात हजर!

"गाडी दारात उभी आहे सर, अन् चालवणारा खाटेवर," त्या म्हणाल्या. "मले फक्त देवळी ते दवाखाना शिकवा. बाकी दुनियेत मले कुठीच जायचं नाई."

सतरा वर्षांत असा अभ्यासक्रम मला कोणी मागितला नव्हता.

*

क्लासची सोय आम्ही अशी लावली. सोमवारी आणि गुरुवारी दोघं बसनं यायचे, मी स्टँडवर गाडी घेऊन उभा. ताई चालवायला बसायच्या, मी शेजारी, गुरुजी मागे. स्टँड ते दवाखाना हा एक धडा, चार तासांनी दवाखाना ते स्टँड हा दुसरा. मधल्या वेळात म्हटलं चला, थोडी प्रॅक्टिस करू, तर ताई गुरुजींच्या उशापासून हलायला तयार नसत.

गियर आले, क्लच आला, रिव्हर्स तर माझ्यापेक्षा चांगला. पण दवाखाना सिग्नलच्या उजवीकडे! आणि उजवं वळण काही केल्या येईना. चौकाच्या मध्ये गेल्या की पाय ब्रेकवर, आणि मग समोर फट असो नाही तर अख्खं मैदान मोकळं असो, गाडी जागची हलायची नाही.

*

गुरुजी मागून शिकवायला लागले. "पुष्पा, गणित मांड. समोरून ट्रक येऊन राह्यला. अंतर साठ मीटर. वेग तासाले तीस किलोमीटर. तर त्याले इथं पोचाले किती सेकंद लागन?"

ताई गंभीरपणे मनात हिशेब करायच्या. सात सेकंदांनी उत्तर यायचं, "सात!" तोवर ट्रक आमच्या शेजारून निघून गेलेला असायचा.

"उत्तर बरोबर आहे," गुरुजी म्हणायचे. "पण पेपर संपला."

*

मग ताईंनी स्वतःच तोड काढली. उजवीकडे वळायचंच नाही! सिग्नल सरळ पार करायचा, पुढे जाऊन डावीकडे, परत डावीकडे, परत डावीकडे. असा वळसा घालून त्याच चौकात दुसऱ्या रस्त्यानं यायचं आणि सरळ दवाखान्याकडे निघायचं. तीन डावे म्हणजे एक उजवा!

गुरुजींनी मागून शेरा मारला. "उत्तर बरोबर. रीत लांबची."

पंधरा दिवस ही रीत उत्तम चालली. मग कापसाचा हंगाम लागला. तिसरा डावा ज्या रस्त्यावर होता, तिथे कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग. पुढे जाता येईना, मागेही जाता येईना. आम्ही अर्धा तास अडकलो. दवाखान्यात पोचलो तर नर्स म्हणाली, "पुढचा पेशंट ठरलेल्या वेळेवर घ्यावाच लागतो बाई, आज साडेतीन तासच मिळतील." त्या दिवशी परत जाताना गुरुजींच्या पायावरची सूज तशीच होती. ताई ती सूज बघत होत्या आणि मी ताईंकडे बघत होतो.

गाडीत बसताना त्या म्हणाल्या, "सर, काईही करा, मले उजवं शिकवा."

*

एकदा चौकात ट्रॅफिक पोलीस उभा होता. ताई नेहमीप्रमाणे मधोमध अडकल्या. पोलीस तणतणत आला, काचेतून आत वाकला आणि एकदम ताठ झाला.

"गुरुजी! जय भीम! वळखलं नाई काय मले? सातवी ब!"

"जय भीम. भूमितीत नापास झालता तू," गुरुजी म्हणाले.

त्या पठ्ठ्यानं शिट्टी फुंकून चारी बाजूंची वाहतूक थांबवली. बस थांबली, ट्रक थांबले, ऑटोवाले थांबून बघायला लागले की कोणता मंत्री चाललाय! मोकळ्या चौकातून ताईंनी पहिल्यांदा उजवं वळण घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू मी आधी पाहिलं नव्हतं.

मी टाळ्या वाजवल्या. गुरुजी मागून म्हणाले, "हे कॉपी करून पास होणं झालं. मार्क नाई भेटणार."

*

लायसन्सची परीक्षा झाली. तिथलं मैदान मोकळं, सिग्नल नाही, समोरून येणारं कोणी नाही. ताई एका फटक्यात पास! लायसन्स हातात आलं, वळण मात्र आलं नाही. देवळीची गाडी देवळीतच उभी राहिली आणि दोघं एसटीनंच येत राहिले, क्लासही चालूच राहिले. एव्हाना गुरुजींना बसमधून उतरवायला कंडक्टर हात द्यायचा.

*

पुढचं मला सांगायला आवडत नाही, पण किस्से सांगायचे तर स्वतःचेही सांगावेत.

एका गुरुवारी हिरवा पडला, ताई मधोमध गेल्या, समोर चांगली लांब फट होती. मी म्हणालो, "चला." त्यांनी गाडी अर्धी वळवली आणि थांबवली. अर्धी! समोरून बस करकचून ब्रेक मारत आली आणि आमच्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरनं माझी आई-बहीण काढली. माझं डोकं फिरलं.

"अशानं एक दिवस कोणाचा तरी जीव जाईल ताई!" मी ओरडलो.

बोललो आणि जीभ चावली. मग मागून गुरुजींचा आवाज आला, अगदी शांत, वर्गात बोलावा तसा.

"सर, जीव तर तसाही जाऊन राह्यला. तुमी शिकवा."

सतरा वर्षांत मी शेकडो लोकांवर ओरडलो असेन. तेवढं एक ओरडणं परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

*

त्यानंतरच्या सोमवारी मी स्टँडवर गाडी घेऊन उभा होतो. देवळीची बस आली, माणसं उतरली, बस रिकामी झाली. पुढची बस आली, तीही रिकामी झाली. मी फोन लावला. फोन शेजारच्या कोणीतरी उचलला.

मी देवळीला गेलो. अंगणात माणसं बसली होती, आत बुद्धवंदना चालू होती. कडुनिंबाखाली गुरुजींची गाडी उभी होती, कोणीतरी पुसून ठेवलेली. मी ताईंसमोर जाऊन हात जोडले. त्याच म्हणाल्या, "चहा घेऊन जाजा सर, लांबून आले."

*

दीड महिन्यानं ताई ऑफिसात आल्या. एकट्या.

"माहे दोन क्लास बाकी आहेत," म्हणाल्या.

मी म्हटलं, ताई, आता कशाला? म्हणजे मनातच म्हटलं. तोंडानं म्हणालो, "चला."

त्या बसल्या, बेल्ट लावला, आरसा नीट केला. मी कुठे जायचं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. सिग्नलला आलो. हिरवा पडला. ताई चौकाच्या मध्यापर्यंत गेल्या, थांबल्या. एक ट्रक जाऊ दिला, दोन फटफट्या जाऊ दिल्या, एक ऑटो जाऊ दिला. मग फट दिसली आणि त्यांनी गाडी उजवीकडे वळवली. ना घाई, ना धक्का. एवढं सुरेख वळण माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी घेतलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "ताई! वा! आज भीती कशी नाही वाटली?"

त्यांनी गियर बदलला. नजर रस्त्यावरच होती.

"मांगं कोणी नाई ना सर आता."