चकचकीत पत्रकं

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात तीन पेशंट झाले की एक औषध कंपनीचा माणूस आत सोडतात. आज आमच्या शेजारी बसलेला फोनवर सांगत होता, "नव्या गोळीला मार्केट जबरदस्त आहे, साहेब. हे पेशंट जन्मभर कुठे जात नाहीत."

दादाने ते ऐकलं आणि मान खाली घातली. त्याच्या हातांची थरथर ही अशाच एका गोळीची देणगी. तीही कधीकाळी नवीच होती. गोळ्या बदलत राहतात, हात तेच राहतात.

दादाने पाण्याचा ग्लास उचलला. निम्मं पाणी त्या माणसाच्या मांडीवरच्या चकचकीत पत्रकांवर सांडलं.

"अहो ताई, पुसायला काही आहे का?"

दादासोबत निघताना मी नेहमी दोन रुमाल घेते. "नाही हो," म्हटलं, आणि पाणी शेवटच्या पानापर्यंत मुरू दिलं.